सौरऊर्जा : शासकीय सवलती आणि आपला समाज

अन्न, वस्त्र व निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा आपण शाळेत पाठ केलेल्या आहेत. आजच्या काळात या यादीत वीज हे चौथे नाव घालणे भाग आहे. विजेवाचून पाण्याचा पंप चालत नाही, यंत्रमाग चालत नाही, दहावीच्या मुलामुलींचा अभ्यास होत नाही. अशा या विजेचे बिल दरमहा भरताना सामान्य माणसाची ओढाताण होते, हे वेगळे सांगावयास नको. हीच वीज स्वतःच्या छपरावर निर्माण करणाऱ्या नागरिकास शासन आर्थिक साहाय्य देते, हेही आता बहुतेकांच्या कानावर आले आहे. परंतु हे साहाय्य किती, कोणाला, कोणत्या अटींवर आणि ते मिळविण्यासाठी घरात कोणती कागदपत्रे तयार हवीत, याविषयी आपल्या समाजात पुरेशी माहिती नाही. प्रस्तुत लेखात ही माहिती सोप्या भाषेत देण्याचा प्रयत्न केला आहे.

बाबासाहेब आणि विजेचा प्रश्न

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. परंतु १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. युद्धानंतरच्या भारताची उभारणी कशी करावी याचा विचार करणाऱ्या वीजविषयक समितीचे काम त्यांनी पाहिले. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. देशात उद्योग वाढल्याखेरीज दारिद्र्य हटणार नाही आणि स्वस्त व मुबलक विजेवाचून उद्योग वाढणार नाहीत, अशी त्यांची मांडणी होती. विजेचे उत्पादन व पुरवठा शासनाच्या हाती असावा, खाजगी नफ्यावर सोडू नये, असा त्यांचा कल होता.

आज परिस्थिती बदलली आहे. वीज केवळ मोठ्या केंद्रातच तयार व्हावी असे राहिलेले नाही, ती घराच्या गच्चीवर तयार होऊ लागली आहे आणि त्यासाठी शासन खाजगी व्यक्तीला पैसे देत आहे. अशा वेळी बाबासाहेबांच्या विचारातून एक प्रश्न आपण उचलावा : ही स्वस्त वीज नेमकी कोणाच्या घरी पोहोचते?

अपारंपरिक ऊर्जा म्हणजे काय?

महाराष्ट्रातील बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी यांसारख्या केंद्रांत कोळसा जाळून तयार होते. कोळसा जमिनीतून एकदा काढला की संपला. त्याची राख व धूर मात्र मागे राहतो. याउलट सूर्याचा प्रकाश, वारा, वाहते पाणी, शेण व शेतातील काडीकचरा ही साधने वापरली तरी पुन्हा उपलब्ध होतात. यांनाच अपारंपरिक किंवा नवीकरणीय ऊर्जा म्हणतात. पाण्यापासून वीज हा प्रकार आपल्या भागाला नवा नाही. खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज १९१५ पासून मुंबईला मिळू लागली.

१९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आवळला व जगभर इंधनाचे भाव भडकले. त्यानंतर प्रत्येक देश दुसरी साधने शोधू लागला. भारत सरकारने १९८१ मध्ये या विषयासाठी आयोग नेमला, १९८२ मध्ये स्वतंत्र विभाग काढला आणि १९९२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेचे स्वतंत्र मंत्रालयच स्थापन केले. २००६ पासून ते नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय या नावाने ओळखले जाते. या कामाला कर्ज देण्यासाठी १९८७ मध्ये इरेडा ही संस्था निघाली. महाराष्ट्र शासनाने १९८५ मध्ये महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजेच महाऊर्जा, ही संस्था स्थापन केली.

सवलत देण्याच्या निरनिराळ्या पद्धती

खाजगी माणसाने नव्या प्रकारची ऊर्जा वापरावी म्हणून शासन मुख्यतः चार मार्गांनी उत्तेजन देते.

पहिला मार्ग वस्तूच्या किमतीत सूट देण्याचा. ऐंशीच्या दशकात सौरचूल व गोबरगॅस यांना अनुदान होते. गोबरगॅस ज्याच्या गोठ्यात जनावरे होती त्याला उपयोगी पडला. चाळीत राहणाऱ्याला त्याचा काय उपयोग! सौरचूल स्वस्त मिळाली तरी सकाळी सहाच्या गाडीने कामावर जाणाऱ्या घरात दुपारच्या उन्हावर शिजणारी डाळ बसेना, आणि अनेक घरांत ती माळ्यावर गेली.

दुसरा मार्ग करसवलतीचा. नव्वदीच्या दशकात पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळत असे. म्हणजे नफा कमावणाऱ्या उद्योजकाने एक कोटीची पवनचक्की घेतली, तर ते एक कोटी रुपये त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवून तेवढ्या नफ्यावरचा आयकर वाचविता येई. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठारावर त्या दशकाच्या अखेरीपासून ज्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यामागे वाऱ्याइतकीच ही करसवलतही होती. परंतु या पद्धतीत चक्की उभारल्याबद्दल फायदा होता, तिने वीज किती दिली याच्याशी सवलतीचा संबंध नव्हता. पुढे घसाऱ्याचा दर ८० टक्के झाला आणि एप्रिल २०१७ पासून ४० टक्क्यांवर आणला गेला. शिवाय ज्याला आयकरच भरावा लागत नाही, त्याला करसवलतीचा काय लाभ, हा प्रश्न उरतोच.

तिसरा मार्ग निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटला ठरावीक दर देण्याचा. जर्मनीत १९९१ पासून असा कायदा लागू झाला आणि २००० च्या कायद्याने वीस वर्षे दराची हमी दिली. तेथील सामान्य घरमालक व शेतकरीही त्यामुळे वीज उत्पादक बनले. आपल्याकडे २००९ मध्ये पवन ऊर्जेसाठी प्रति युनिट ५० पैसे प्रोत्साहन सुरू झाले, ते याच विचारातून.

चौथा मार्ग मीटरचा. तो आज आपल्या सर्वांत जवळचा आहे, म्हणून तो थोडा सविस्तर पाहू.

छपरावरची वीज आणि दुहेरी मीटर

सौरपट्टीवर सूर्यप्रकाश पडला की तिच्यात एकदिश प्रवाह निर्माण होतो. इन्व्हर्टर त्याचे घरच्या उपकरणांना चालणाऱ्या प्रवाहात रूपांतर करतो. एक किलोवॅट क्षमतेसाठी सुमारे १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. पट्ट्यांचे तोंड दक्षिणेकडे असावे. आपल्या हवामानात एक किलोवॅटपासून महिन्याला सरासरी १०० ते १२० युनिट वीज मिळते. एप्रिल-मे मध्ये ती जास्त व जुलै-ऑगस्टमध्ये बरीच कमी असते.

दिवसा घरात माणसे नसतात आणि वीज तर दिवसाच तयार होते. ही अडचण नेट मीटरिंगने सुटते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये यासाठी प्रथम विनियम केले व २०१९ मध्ये सुधारित विनियम आणले. यात घरी येणारी व घरून जाणारी अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर बसतो. उदाहरणार्थ, एका घरच्या यंत्रणेने महिन्यात ३३० युनिट निर्माण केले. त्यातील ११० दिवसा घरातच वापरले गेले, २२० बाहेर तारेवर गेले. रात्री त्या घराने १८० युनिट तारेवरून घेतले. तर १८० वजा होऊन ४० युनिट त्या ग्राहकाच्या नावे पुढील महिन्यात जमा राहतात. बँकेच्या खात्यात जमा व नावे असते तसाच हा प्रकार आहे. आर्थिक वर्षाच्या अखेरीस उरलेली वीज कंपनी आयोगाने ठरविलेल्या दराने विकत घेते.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, विजेचा आकार शून्य झाला तरी स्थिर आकार भरावाच लागतो. दोन, वर्षअखेर उरलेल्या विजेला मिळणारा दर आपण भरतो त्या दरापेक्षा कमी असतो, म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवून वीज विकण्याचा व्यापार करू नये. तीन, तारेला जोडलेली साधी यंत्रणा वीजपुरवठा खंडित होताच आपोआप बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या कामगाराला आपल्या छपरावरून येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ही योजना असते. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी लागते आणि तिचा खर्च वेगळा येतो. समायोजनाचे व वेळेनुसार दराचे नियम आयोग वेळोवेळी बदलतो, तेव्हा अर्ज करतेवेळी लागू असलेला नियम पाहूनच हिशेब मांडावा.

प्रधानमंत्री सूर्यघर योजना

राष्ट्रीय सौर मिशन जानेवारी २०१० मध्ये सुरू झाले. २०१५ मध्ये देशाचे उद्दिष्ट वाढवून २०२२ पर्यंत एक लाख मेगावॅट ठरविले गेले व त्यातील ४० हजार मेगावॅट छपरांवर व्हावयाचे होते. मोठमोठ्या माळरानांवर प्रकल्प झाले, छपरांचे उद्दिष्ट मात्र फारच मागे पडले. कारण उघड आहे. माळरानावर कंपनी एकरकमी पैसे ओतते, छपरासाठी लाखो घरांना स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना जाहीर झाली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद तिला आहे. मंजुरीच्या वेळी तिची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत ठेवण्यात आली. तिच्यातील केंद्रीय अनुदान असे :

एक किलोवॅटला ३०,००० रुपये.
दोन किलोवॅटला ६०,००० रुपये.
तीन किलोवॅट व त्याहून अधिक क्षमतेला ७८,००० रुपये.
गृहनिर्माण संस्थेच्या जिन्यातील दिवे, पंप, लिफ्ट अशा सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये.

महिन्याला दीडशे युनिटपर्यंत वापर असलेल्या घराला एक ते दोन किलोवॅट, दीडशे ते तीनशेला दोन ते तीन किलोवॅट पुरते. दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जासाठी तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अट २०२४ च्या नियमबदलाने काढून टाकण्यात आली.

अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर वीजबिलावरील ग्राहक क्रमांक टाकून करावयाचा असतो. नोंदणीकृत पुरवठादाराची निवड ग्राहकाने करावी. यंत्रणा बसली, दुहेरी मीटर लागला, तपासणी झाली की अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. पट्ट्या भारतात बनलेल्याच असाव्यात आणि पुरवठादाराने पाच वर्षे देखभाल करावी, अशी अट आहे. भिवंडी परिसरात जानेवारी २००७ पासून महावितरणच्या वतीने टोरंट पॉवर वितरणाचे काम पाहते, तेव्हा मीटरविषयीचा पाठपुरावा तेथे करावा लागतो.

कमी वीज वापरणाऱ्यांसाठी राज्याची जोड

केंद्राच्या योजनेत एक गोम होती. तीनशे युनिट वापरणाऱ्या घराचे बिल मोठे, म्हणून बचतही मोठी. आपल्याकडे बिलाचे टप्पे शंभर, तीनशे व पाचशे युनिटांवर बदलतात आणि वरच्या टप्प्याचे युनिट महाग असतात. सौरऊर्जा प्रथम हे महाग युनिट कमी करते. ज्याचा वापरच साठ-सत्तर युनिट, त्याची बचत थोडी आणि खिशातून घालावयाचे वीस हजार मात्र जड.

यावर उपाय म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप, म्हणजे स्मार्ट, ही योजना आणली. दारिद्र्यरेषेखालील व महिना शंभर युनिटांच्या आत वापर असणाऱ्या घरांसाठी ती आहे. एक किलोवॅटची किंमत ५०,००० रुपये धरली आहे. त्यापैकी केंद्राचे ३०,००० सर्वांना सारखे. त्यावर राज्याची भर अशी :

दारिद्र्यरेषेखालील ग्राहकास १७,५०० रुपये. स्वतःचा वाटा २,५००.
अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकास १५,००० रुपये. स्वतःचा वाटा ५,०००.
सर्वसाधारण गटातील ग्राहकास १०,००० रुपये. स्वतःचा वाटा १०,०००.

वाचकबंधू-भगिनींनो, ही आकडेवारी जरा थांबून वाचावी. पन्नास हजारांची वस्तू पाच हजारांत, आणि दरमहा तीनशे रुपये जरी वाचले तरी सतरा महिन्यांत पैसे वसूल. परंतु हा वाटा मिळविण्यासाठी जातीचा दाखला हवा. १९९० मध्ये घटनेच्या अनुसूचित जातीविषयक आदेशात दुरुस्ती होऊन बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही या सवलती लागू झाल्या. तरीही अनेक घरांत मुलाच्या प्रवेशापुरता एक दाखला काढलेला असतो आणि ज्याच्या नावावर मीटर आहे त्या वडिलांचा दाखला नसतो. योजना प्रथम येणाऱ्यास प्रथम अशा तत्त्वाची आहे, त्यामुळे दाखल्यासाठी दोन महिने गेले तर रांगेतला नंबरही मागे जातो.

कर्जाचा हिशेब

उरलेली रक्कम नसेल तर सार्वजनिक क्षेत्रातील बँका तीन किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात. व्याजाचा दर रेपो दराशी जोडलेला असून २०२४ मध्ये तो सुमारे ७ टक्के होता. तीन किलोवॅटचा एक नमुना पाहू. शासनाने धरलेली किंमत १,४५,००० रुपये. अनुदान ७८,००० वजा जाता ६७,००० उरतात. दर साल ७ टक्क्यांनी दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे ७७८ रुपये येतो. पाच वर्षांची घेतली तर सुमारे १,३२७ रुपये. दहा वर्षांत एकूण व्याज सव्वीस हजारांच्या वर जाते, पाच वर्षांत ते तेरा हजारांच्या आत राहते. महिन्याला पंधराशे रुपये बिलात वाचत असतील तर पाच वर्षांचा हप्ताही त्यातूनच भागतो.

बाजारातील प्रत्यक्ष किंमत शासनाने धरलेल्या किमतीपेक्षा अधिक असते. पत्र्यावर उंच सांगाडा करावयाचा असेल तर लोखंडाचा खर्च वाढतो. म्हणून निदान तीन पुरवठादारांकडून लेखी दरपत्रक घ्यावे. अनुदान यंत्रणा बसल्यानंतर येते, हेही विसरू नये. ते येईपर्यंतची रक्कम कर्जात धरावी आणि अनुदान आले की ते कर्जखात्यात भरावे. लग्नसमारंभात किंवा नव्या दुचाकीवर ते खर्च झाले तर कर्ज तेवढेच राहते. वस्तू लगेच हवी म्हणून जादा व्याजाचे वैयक्तिक कर्ज किंवा सावकाराची उचल घेऊ नये. त्यात सौरऊर्जेची सगळी बचत व्याजात जाते.

भिवंडीचा अनुभव

आपल्या भागात सौर सवलत नवी नाही. १ एप्रिल २०१७ रोजी तत्कालीन केंद्रीय वस्त्रोद्योगमंत्री स्मृती इराणी यांच्या हस्ते पॉवरटेक्स इंडिया ही योजना भिवंडीतच सुरू झाली. तिच्यातील एका भागानुसार आठपर्यंत यंत्रमाग असलेल्या लहान कारखान्याला सौरयंत्रणेसाठी अनुदान होते. सर्वसाधारण गटाला ५० टक्के, अनुसूचित जातीला ७५ टक्के, अनुसूचित जमातीला ९० टक्के. तीन वर्षांसाठी आखलेली ही योजना आता संपली आहे.

पंचाहत्तर टक्के ही लहान सवलत नव्हे. पण ती माग ज्याच्या मालकीचा, त्याच्यासाठी होती. आपल्या समाजातील माणूस मागावर काम करणारा, गोदामात माल चढविणारा. ज्याच्या हातात धोटा आहे पण नावावर माग नाही, त्याला पंचाहत्तर टक्के सवलतीतले काहीच मिळत नाही. मानकोलीच्या नाक्यावर उभे राहून मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना पाहिले तर गोदामांचे पत्रे उन्हात चमकताना दिसतात. इतकी मोकळी, सावली नसलेली जागा फार थोड्या गावांना लाभली असेल. गोदाममालकाला घसाऱ्याची सवलत आहे, सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्के झाला आहे. तो यंत्रणा बसवील आणि त्याने ती बसवावीही, त्यात देशाचे हित आहे. परंतु त्या पत्र्याखाली ओझे वाहणाऱ्याच्या घरचे बिल त्याने कमी होत नाही.

याच्या उलट उदाहरण पाटण तालुक्यातलेच आहे. ज्या तालुक्याच्या पठारावर पूर्वी बाहेरच्या मालकांच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्याच तालुक्यातील मान्याचीवाडी हे शंभराच्या आसपास घरांचे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. तेथे घराघरांच्या छपरावर पट्ट्या बसल्या आहेत. एका ठिकाणी तालुक्याला भाडे मिळाले, दुसऱ्या ठिकाणी गावाला वीज मिळाली. फरक मालकीचा आहे.

शेतकरी बांधवांसाठी

शहापूर, मुरबाड, वाडा या भागात ज्यांची वडिलोपार्जित शेती आहे त्यांनी सौर कृषिपंपाची योजना पाहावी. २०१९ च्या केंद्रीय कुसुम योजनेच्या आधारे राज्यात मागेल त्याला सौर कृषिपंप योजना सुरू आहे. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच व त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के. पाण्याचा कायम स्रोत व सातबाऱ्यावर नाव ही मुख्य अट. सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव असेल तर आधी वारस नोंद करून घ्यावी.

खरी अडचण कोठे आहे?

वरील सर्व योजनांचा अभ्यास केला असता एक गोष्ट स्पष्ट होते. गरिबासाठी अनुदानाचा दर आता चांगला आहे. पण दार उघडण्यासाठी चार किल्ल्या लागतात : स्वतःचे छप्पर, स्वतःच्या नावावर मीटर, नाव जुळणारे बँक खाते आणि जातीचा वा दारिद्र्यरेषेचा दाखला. बँकेत काम करताना असे दिसते की बिलावर एक नाव, आधारवर दुसरे आणि पासबुकावर तिसरे, एवढ्या कारणाने कित्येक प्रकरणे अडून राहतात. वडील वारून दहा वर्षे झाली तरी बिल त्यांच्याच नावाने येते, कारण बिल भरले जाते तोवर नाव बदलण्याची गरज कोणालाच वाटत नाही. तीन भावांच्या एका गच्चीवर कोणाच्या पट्ट्या बसवायच्या, यावरही काम थांबते.

भाडेकरूंचा प्रश्न याहून अवघड आहे. ज्याला छप्परच नाही त्याला छपरावरचे अनुदान कसे मिळणार? दिल्लीत २०१९ पासून एका ठिकाणच्या सौरयंत्रणेची वीज अनेकांच्या बिलांत वाटून देण्याची पद्धत मान्य झाली आहे. केंद्रीय योजनेतही कंपनीने स्वतःच्या पैशाने यंत्रणा बसवून ग्राहकाला वीज द्यावी, असे मार्ग ठेवले आहेत. या पद्धती चाळींपर्यंत पोहोचाव्यात अशी मागणी संघटितपणे करावयास हवी. एकट्याच्या अर्जाने हे होणारे नाही.

विहार व समाजमंदिर यांविषयीही विचारणा होते. २०१९ पूर्वी धर्मादाय संस्थांना छपरावरील यंत्रणेसाठी केंद्राचे ३० टक्के अनुदान होते. त्यानंतरच्या टप्प्यात ते केवळ निवासी ग्राहकांपुरते राहिले. संस्थेला नेट मीटरिंगचा लाभ मात्र घेता येतो. तेव्हा विहाराचे वार्षिक वीजबिल काढून, देणगीतून लहान यंत्रणा बसविल्यास किती वर्षांत पैसे वसूल होतील याचा हिशेब कार्यकारिणीने मांडावा.

आपण काय करावे?

१) वीजबिल, आधार व पासबुक यांवरील नाव आजच ताडून पाहावे. फरक असल्यास आधी तो दुरुस्त करावा.
२) मीटर मृत व्यक्तीच्या नावे असल्यास मृत्यूचा दाखला, घरपट्टीचा उतारा व इतर वारसांचे संमतिपत्र देऊन नाव बदलून घ्यावे.
३) ज्याच्या नावे मीटर आहे त्याचा जातीचा दाखला काढावा.
४) मागील बारा महिन्यांची बिले एकत्र करून सरासरी वापर काढावा व तेवढीच क्षमता घ्यावी.
५) पत्रे जुने असतील तर ते आधी बदलावेत. पट्ट्या पंचवीस वर्षे चालतात, खालचे छप्पर तेवढे टिकले पाहिजे.
६) शासनाचा माणूस म्हणून दारात येऊन रोख पैसे किंवा ओटीपी मागणाऱ्यास काहीही देऊ नये. पुरवठादाराचे नाव पोर्टलवरील यादीत पाहावे.
७) पट्ट्यांवरील धूळ आठवड्या-पंधरवड्यातून पुसावी. महामार्गालगत धूळ अधिक बसते व तेवढी वीज कमी होते.

यातील पहिली तीन कामे प्रत्येक घराने एकेकटे करावयाची म्हटली तर रेंगाळतात. संस्थेने रविवारी एखादे शिबिर घेऊन, लिहिता येणाऱ्या चार-पाच जणांना बसवून अर्ज भरून घेतले तर एका दिवसात पन्नास घरांची कागदपत्रे मार्गी लागू शकतात. हे काम खर्चाचे नाही, चिकाटीचे आहे.

विद्यार्थी मित्रांसाठी

या क्षेत्रात नोकरीही आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या वतीने सूर्यमित्र नावाचा कौशल्य प्रशिक्षणक्रम सुरू झाला. आयटीआयचे इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर असे प्रमाणपत्र घेतलेल्या मुलामुलींना त्यात पट्ट्या बसविणे, जोडणी व दुरुस्ती शिकविली जाते. मानकोलीच्या गोदामांवर आज ना उद्या यंत्रणा बसतील. ती बसविण्यासाठी बाहेरून माणसे आणावी लागतील की ती आपल्याच वस्तीतून मिळतील, हे आजच्या बारावीच्या वर्गात ठरणार आहे. गोदामात ओझे वाहणाऱ्या बापाचा मुलगा किंवा मुलगी त्याच गोदामाच्या छपरावर तंत्रज्ञ म्हणून चढली, तर समाजाच्या दृष्टीने ती अनुदानाहून मोठी मिळकत ठरेल.

समारोप

सूर्य सर्वांवर सारखाच तळपतो, त्याला गरीब-श्रीमंत, उच्च-नीच ठाऊक नाही. पण त्याच्या प्रकाशाची वीज होते ती नावावर असलेल्या छपरावर आणि नावावर असलेल्या मीटरमधून. शासनाने आपल्या वाट्याचे पैसे ठेवलेले आहेत. मुदतीच्या आत ते न उचलल्यास ते परत जातात, आणि पुढच्या वर्षी अहवालात लिहिले जाते की या वर्गाकडून मागणीच आली नाही. तसे लिहिण्याची संधी आपण कोणाला देऊ नये. आपापल्या घरचे वीजबिल बाहेर काढून त्यावरील नाव वाचणे, येथून सुरुवात करावी.